ताकवाल्या मावशींपर्यंत

आज आतकरवाडीतून सिंहगड चढायला घेतला. घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, फिजिओ झाली, त्यानंतरची ही पहिलीच चढण. एकेकाळी तासाभरात पुणे दरवाजा गाठायचे मी! (आणि ते चारचौघांत मिरवायचेही.)

आज ठरवलं होतं, घड्याळ बघायचं नाही, फक्त वर पोचायचं. तेही जमलं नाही. अर्ध्यावर घोटा ठणकायला लागला आणि एका टपरीपाशी मुकाट बसले. मावशींनी मडक्यातलं ताक ग्लासात ओतलं, वर मीठ भुरभुरलं आणि बुटातून डोकावणाऱ्या क्रेप बँडेजकडे बघत म्हणाल्या, "उतरताना जास्त सांभाळ गं. चढताना नुसता दम लागतो, पाय मोडतो तो उतरताना." माझा तसाच मोडला होता. त्यांना कसं कळलं कोण जाणे!

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन पोरं बाजूने पळत वर गेली तेव्हा तर डोळेच भरून आले. पण सात महिन्यांपूर्वी मी बाथरूमपर्यंत वॉकर घेऊन जात होते, हेही तितकंच खरं.

घरी येऊन वहीत लिहिलं, 'मावशींपर्यंत, 40 मिनिटं.' खाली पुढच्या रविवारचं, 'त्यांच्या पुढचं वळण.'

सध्या घोट्यावर बर्फाची पिशवी आणि आईची बडबड, दोन्ही चालू आहे.