सिंगापूरचं एनएस: भारतातले मेडिकलचे कागद आधी गोळा करा

आमच्या मुलाचं एनएस, म्हणजे सिंगापूरची सक्तीची राष्ट्रीय (लष्करी) सेवा, पार पडलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण मेडिकलच्या टप्प्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. आईवडिलांमार्फत पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, झालेल्या मुलालाही इथे दोन वर्षं सेवा करावीच लागते. साडेसोळाव्या वर्षी नोंदणी होते. ती ऑनलाइन असते आणि चटकन उरकते.

मेडिकलसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा. उंची, वजन, डोळे, कान, ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, दात असं सगळं तपासतात. चष्मा असेल तर तोच घालून पाठवा, कॉन्टॅक्ट लेन्स नकोत. त्याआधी एक प्रश्नावली भरायची असते. आपल्याकडे कितीतरी मुलांना लहानपणी बाळदमा असतो, नेब्युलायझर लावलेला असतो. तिथे ‘हो’ लिहिलं की तज्ज्ञाकडे पाठवतात आणि तोवर पीईएस ग्रेड (सेवेसाठीच्या वैद्यकीय तंदुरुस्तीची श्रेणी) ‘डी’ राहते. डी म्हणजे नापास नव्हे, निर्णय बाकी आहे. म्हणून कुणी सांगतं, लिहूच नका. हा सल्ला मुळीच ऐकू नका. ज्या मुलाला पुढे पाठीवर ओझं घेऊन उन्हात २४ किलोमीटर चालायचं आहे, त्याचा दमा लपवणं म्हणजे जिवाशी खेळ.

तज्ज्ञांना लहानपणचे कागद हवे असतात, आणि आमचं घोडं तिथेच अडलं. कागद भारतातल्या एका हॉस्पिटलात होते. फोन केला की रेकॉर्ड गोडाऊनला आहे. ईमेल केली की अर्ज आमच्याच नमुन्यात हवा, आणि तो नमुना फक्त काउंटरवर मिळणार. घरचं माणूस पाठवलं तर पेशंटचं संमतिपत्र कुठे आहे? एवढं करून हाती आलं ते एका ओळीचं पत्र: दम्याचा त्रास होता, आता बरा आहे. तारीख नाही, औषधाचं नाव नाही. तज्ज्ञ त्यावरून काय ठरवणार?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं. मात्र दाखल झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड तीनच वर्षं जपण्याचं बंधन आहे. त्यानंतर ते मिळालं तर नशीब. तेव्हा मूल लहान असतानाच डिस्चार्ज कार्ड, प्रिस्क्रिप्शनं, एक्स-रेचे रिपोर्ट स्कॅन करून ठेवा.

कागद नसतील तर ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांच्याकडून नवं पत्र घ्या. ते इंग्रजीत, लेटरहेडवर हवं. त्यात निदान, त्रास कोणत्या वर्षी सुरू झाला, शेवटचा झटका कधी आला, कितीदा दाखल करावं लागलं, कोणतं इनहेलर किती काळ दिलं, औषध कधी थांबवलं हे सगळं यायला हवं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. असं पत्र आलं आणि फुप्फुसांची चाचणी झाली, तेव्हा कुठे आमची ग्रेड लागली. त्या संध्याकाळी मी घरात गोड केलं.

एवढी घाई कशासाठी? तर ए किंवा बी१ ग्रेडच्या मुलाने भरतीआधी नॅफा (NAPFA) या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत सिल्व्हर किंवा गोल्ड मिळवलं, तर २४चे २२ महिने होतात. इथली विद्यापीठं ऑगस्टमध्ये सुरू होतात, त्यामुळे ते दोन महिने हुकले तर एखाद्याचं अख्खं वर्ष जातं. आणि फिटनेसमध्ये कमी पडला तर बीएमटीला, म्हणजे सुरुवातीच्या सैनिकी प्रशिक्षणाला, आठ आठवड्यांचं पूर्वप्रशिक्षण जोडलं जातं. नॅफातलं २.४ किलोमीटर धावणं आणि पुल-अप्स हे दोनच खरे अवघड. पुल-अप्सना निदान सहा महिने द्या. शाळेच्या शेवटच्या महिन्यात सुरू करून काही होत नाही.

एक राहिलंच. मुलगा १३ वर्षांचा झाल्यावर त्याला तीन महिने किंवा अधिक भारतात ठेवायचं असेल तर एक्झिट परमिट (देशाबाहेर राहण्याची परवानगी) लागतं. दोन वर्षं किंवा जास्त असेल तर बाँडही मागतात: ७५,००० सिंगापूर डॉलर किंवा आईवडिलांच्या एकत्रित वार्षिक उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, यांतली जी जास्त असेल ती. आजीआजोबांकडे शिकायला पाठवण्याआधी हा हिशेब करा. आणि पदवीच्या शिक्षणासाठी भरती पुढे ढकलून मिळत नाही, त्या आशेवर राहू नका.

टेकोंग बेटावरच्या बीएमटीची आयांना उगाच धास्ती असते. पहिल्या दिवशी घरच्यांना फेरीबोटीतून सोबत नेतात, मुलांच्या खोल्या दाखवतात. मुलगा शाकाहारी असेल तर आधीच कळवा, वेगळं जेवण मिळतं. फील्ड कॅम्पसाठी (उघड्यावरच्या मुक्कामासाठी) घामोळ्यांची पावडर, पायांची पावडर, झिपलॉक पिशव्या आणि जादा मोजे द्या. प्रत्येक दिवसाचे कपडे वेगळ्या पिशवीत बंद करून भरायला शिकवा, कारण तिथे पाऊस आला की सॅकमधलं सगळं भिजतं आणि ओल्या मोज्यांनी पायांना फोड येतात.