जीआरईचे "गप्प" शब्द आणि माझी वही, माझा अनुभव

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी मिडीयमचं, सातारा जिल्ह्यातल्या छोट्या गावात, त्यामुळे जीआरई, म्हणजे परदेशात मास्टर्स-पीएचडीच्या प्रवेशासाठी देतात ती परीक्षा, द्यायचं ठरवलं तेव्हा क्वांटचं म्हणजे गणिताचं टेन्शन नव्हतं, व्हर्बलचं म्हणजे इंग्लिशचं होतं. दोनशे पानी वही केली, डावीकडे इंग्लिश शब्द उजवीकडे मराठी अर्थ. महिन्याभराने बघते तर रेटिसंट, टॅसिटर्न, म्यूट, स्पीचलेस, डंबफाउंडेड, टंग-टाइड या सगळ्यांसमोर मी एकच लिहिलेलं, "गप्प". एका ठिकाणी तर नुसतं "वरीलप्रमाणे".

दणका मॉक टेस्टमध्ये बसला. सेंटेन्स इक्विव्हलन्स नावाच्या प्रश्नात वाक्यातल्या एकाच गाळलेल्या जागेसाठी सहा पर्यायांतून सारख्या अर्थाचं वाक्य करणारे दोन शब्द निवडायचे असतात आणि दोन्ही बरोबर आले तरच मार्क, एक बरोबर असला तरी शून्य. वाक्य साधारण असं होतं की हा शास्त्रज्ञ कामाबद्दल तासन् तास बोलायचा पण घरचा विषय निघाला की अमुक व्हायचा. मी स्पीचलेस आणि म्यूट टिक केलं. उत्तर होतं रेटिसंट आणि रिझर्व्ह्ड. खूप वाईट वाटलं, कारण चारही शब्द मला पाठ होते.

रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. आई सातवी शिकलेली, तिने वाक्य मराठीत ऐकलं आणि म्हणाली, अगं त्याची काय दातखीळ बसली होती का, त्याला सांगायचंच नव्हतं म्हणून गप्प होता ना. बास, मला तिथेच कळलं मी काय चुकत होते ते. तोंड बंद आहे एवढंच मी बघत होते, का बंद आहे ते बघतच नव्हते, आणि आपल्या मराठीत तर प्रत्येक कारणाला वेगळा शब्दप्रयोग आहे.

मग वही मागच्या बाजूने परत सुरू केली. टंग-टाइडपुढे लिहिलं बोबडी वळणे, म्हणजे बोलायचंय पण भीतीने नाहीतर लाजेने जीभ वळत नाही. डंबफाउंडेडपुढे अवाक्, हा शब्द डंब आणि कन्फाउंड जोडून झालाय, त्यामुळे धक्का आणि गोंधळ दोन्ही त्यात आलं. स्पीचलेस जरा मोठा, राग असो आनंद असो दुःख असो, भावना इतकी दाटते की तोंडातून शब्द फुटत नाही, पण तेवढ्यापुरतंच. कीप मम म्हणजे मिठाची गुळणी धरून बसणे, सगळं माहिती असून. टॅसिटर्न म्हणजे आमचे थोरले काका, घुमे, दिवसभरात चार वाक्यं. आणि रेटिसंट म्हणजे एरवी बोलेल पण मनातलं बाहेर काढणार नाही. टॅसिटर्न आणि रेटिसंट दोन्ही एकाच लॅटिन धातूतून आलेत, टॅसेरे, गप्प राहणे, म्हणूनच माझा एवढा गोंधळ व्हायचा. नॉनप्लस्डने मात्र शेवटपर्यंत छळलं. लॅटिनमध्ये नॉन प्लस म्हणजे "यापुढे काही नाही", म्हणजे माणूस इतका गोंधळला की पुढे काय बोलावं सुचेना, आणि अमेरिकेत बरेच लोक तो बरोब्बर उलटा, काहीच फरक न पडलेला अशा अर्थाने वापरतात. परीक्षेसाठी जुनाच अर्थ धरायचा.

पुढच्या मॉकला या गटातला एकही शब्द चुकला नाही.

वहीत शेवटचा शब्द परीक्षेनंतर लिहिला. मामांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. रिपोर्टवर अफेजिया लिहिलेलं. मामी रडत विचारायला लागली, हे आता मुके झाले का गं? मी म्हटलं नाही मामी, मुकं वेगळं आणि हे वेगळं, आवाज आहे, त्यांना काय म्हणायचंय तेही त्यांना कळतंय, शब्द हाताला लागत नाहीयेत. आणि खरंच, मामा पाण्याच्या ग्लासकडे बोट करायचे आणि म्हणायचे "चमचा", मग स्वतःच मान हलवायचे, नाही नाही, आणि परत "चमचा". स्पीच थेरपिस्टनी सांगितलं की त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, वेळ द्या, हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा. आता मामी रोज सकाळी चहा झाला की ताटात ग्लास, चमचा, चष्मा, किल्ली मांडते, एकेकाला हात लावते आणि गप्प बसून थांबते.