रोमचे चावीवाले

आमचे दादा पालिकेत चावीवाले होते. पहाटे साडेतीनला ती टी आकाराची लांब चावी खांद्यावर टाकून निघायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि फेरे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा. इकडे परळला आमच्या चाळीतला नळ आधी खोकायचा, मग पाणी. आई म्हणायची, "आले तुझे वडील."

म्हणून गेल्या वर्षी रोमला गेले तेव्हा माझी नजर वाकड्या जागीच गेली. फुटपाथवर ओतीव लोखंडाचे बुटके खांब आहेत, 1874पासून. वाकड्या नळीमुळे लोक त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठं नाक. नळीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावून प्यायचं. मी प्यायले आणि सवयीनं नळ बंद करायला हात पुढे केला. त्याला चावीच नव्हती! पाणी आपलं वाहतंय. दोन हंडे तरी भरून घ्यावेत असं वाटलं.

जुन्या रोमचंही तेच. हौदांत रात्रंदिवस पाणी पडायचं आणि ओसंडलेलं गटारं धुवायला जायचं. इ.स.पू. 312मध्ये पहिला कालवा आला, ॲक्वा आप्पिया. फोटोंत कमानी दिसतात, पण या कालव्यांचा बराचसा भाग जमिनीखालून होता आणि पाणी नुसत्या उतारानं यायचं. आपलं मुंबईचं तानसा तलावाचं पाणीही 1892पासून उतारानंच येतं, हे दादांनी मला शाळेत असताना शिकवलं होतं. ट्रेवीचं कारंजंही पाहिलं. नाणं टाकलं नाही.

खरी मजा परत आल्यावर वाचनात सापडली. इ.स. 97मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा गृहस्थ रोमच्या पाण्याचा मुख्य अधिकारी झाला. हाताखाली सातशे गुलाम. त्यानं हिशेब तपासला, तर गळती कमी आणि चोरी जास्त! घरगुती जोडणीला ब्राँझची ठरावीक मापाची, शिक्का मारलेली तोटी लागायची. ब्राँझ अशासाठी की शिसं मऊ, ठोकून रुंद करता येतं. तरी बिनशिक्क्याच्या मोठ्या तोट्या बसत होत्याच. जागा दुसऱ्याच्या नावावर झाली की टाकीला नवं भोक पाडायचं, जुनं तसंच ठेवायचं आणि त्याचं पाणी परस्पर विकायचं. रस्त्याखालच्या शिशाच्या नळांना भोकं पाडून दुकानांना पाणी देणारा तर एक खास माणूसच होता. हे सगळं खात्यातलीच माणसं करत होती.

दादांना वाचून दाखवलं. आता ऐकू कमी येतं, पण हे नीट ऐकलं. आमच्या चाळीत तळमजल्यावरचे एक गृहस्थ मोटार लावून सगळ्यांचं पाणी खेचायचे, ते आठवून आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "त्या चोरट्या लाइनी उखडल्या असतील ना? शिसं किती निघालं?"

तेही फ्रॉन्टिनसनं लिहून ठेवलंय, म्हटलं. बरंच निघालं.

"मग ते भंगारात कोणी विकलं?"