हिरवं दिसतंय, मग अँटीबॉडी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जीएफपी म्हणजे ग्रीन फ्लुओरेसेंट प्रोटीन, आपल्या प्रोटीनला खूण म्हणून जोडायचं हिरवं चमकणारं प्रोटीन; आणि अँटीबॉडी म्हणजे ठरावीक प्रोटीनला नेमकं धरणारं प्रोटीन. सांगलीत बायोटेकच्या मुलांना शिकवताना हा प्रश्न दरवर्षी येतो: 'मॅडम, जीएफपी स्वतःच चमकतं, मग ते शोधायला एवढी महाग अँटीबॉडी का घ्यायची?'

प्रश्न रास्त आहे. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये हे प्रोटीन जेलीफिशमध्ये शोधलं. ते जीवाणूत आणि कृमीतही चमकतं, हे मार्टिन चाल्फी यांनी १९९४ मध्ये दाखवलं.

पण ही चमक प्रोटीनची घडी शाबूत आहे तोवरच. वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून अँटीबॉडीने ओळखायची पद्धत) नमुना एसडीएस या डिटर्जंटमध्ये उकळला की घडी मोडते आणि चमक जाते. ऊती अल्कोहोलमधून काढून पॅराफिनमध्ये बसवली तरी बहुधा तेच होतं. प्रोटीन मात्र तिथेच असतं आणि अँटीबॉडी त्याला धरते. शिवाय ब्लॉटवर ती प्रोटीनचा आकार दाखवते, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. नुसतं जीएफपी सुमारे २७ किलोडाल्टनचं (किलोडाल्टन हे प्रोटीनच्या वजनाचं एकक). तुम्ही ते ५० किलोडाल्टनच्या प्रोटीनला जोडलं असेल, तर बँड, म्हणजे ब्लॉटवरची रेघ, ७७ च्या आसपास हवा. फक्त २७ लाच आला, तर जोड तुटलेली आहे. मग मायक्रोस्कोपखाली कितीही सुंदर हिरवं दिसो, ते तुमच्या प्रोटीनचा ठावठिकाणा सांगत नाही.

आणि प्रत्येक हिरवं जीएफपीचं नसतंच. आपल्या हळदीचंच बघा ना. कंदाचा पातळ छेद निळ्या प्रकाशाखाली धरला, की कोणताही जनुक न घालता तो हिरवट-पिवळा उजळतो; ते कर्क्युमिन. अशा ठिकाणी लाल चमकणारं रंगद्रव्य जोडलेली जीएफपीची अँटीबॉडी लावली, तर दोन्ही वेगळे ओळखता येतात. मात्र जीएफपी नसलेल्या कंदालाही तीच अँटीबॉडी लावून बघायचीच. हा कंट्रोल नसेल तर मी निकाल वाचतसुद्धा नाही.

मागवताना एवढं बघा: वायएफपी (पिवळं) आणि सीएफपी (निळसर) ही जीएफपीचीच थोडी बदललेली रूपं, त्यामुळे त्यांना सहसा हीच अँटीबॉडी चालते. एमचेरी या लाल चमकणाऱ्या प्रोटीनला नाही, त्याचं मूळ प्रोटीन जेलीफिशचं नाही, प्रवाळवर्गातल्या प्राण्याचं. त्याच नमुन्यात दुसऱ्या एखाद्या प्रोटीनसाठी वापरायची अँटीबॉडी सशात तयार केलेली असेल, तर जीएफपीसाठी कोंबडीत तयार केलेली घ्या, म्हणजे दोन्ही वेगळ्या ओळखता येतात.

जिवंत पेशी बघायच्या असतील तर मात्र खर्च करू नका. धडधाकट पेशीत अँटीबॉडी अशी सहज शिरत नाही; तिथे चमकच बघायची.