आमची वाटचाल – खाली ड्रेपरी, वर लावणीचा वर्ग

वाईत आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. गॅदरिंग, गणपती, लग्नाची हळद, कशालाही नऊवारी, फेटे, दागिने भाड्याने देतो आणि मापानं शिवूनही देतो. त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर लावणीचा वर्ग भरतो, पण तो धंदा नाही, ती नोंदणी केलेली संस्था आहे. लोक कायम विचारतात की जागा तुमची, वर्ग तुमचा, मग फी ठरवून का नाही घेत, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

दुकान २००६ ला सुरू केलं, एक मशीन आणि सात साड्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग सुरू झाली की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काष्टे शिवत बसायचे मी, आणि त्यात निम्म्या साड्या लावणीसाठीच जायच्या. म्हणजे खरं सांगायचं तर आमचं घर लावणीवरच उभं राहिलं, पण तेव्हा हे डोक्यात आलंच नव्हतं.

मग २००९ च्या डिसेंबरमध्ये एक बाई मुलीचा युनिफॉर्म सैल करून घ्यायला आल्या. दुकानात एक शाळेतली पोरगी नऊवारी घालून आरशासमोर मोबाईलवर गाणं लावून उड्या मारत होती. या बाई जरा वेळ बघत राहिल्या, मग पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं पदर मुठीत नाही धरायचा, चिमटीत धर. आणि आधी नजर जाऊ दे, हात मागनं येतो." आणि एकदाच करून दाखवलं. साधी कॉटनची साडी, पायात चप्पल, पण मान वळवून आरशात जे बघितलं ना त्यांनी, मी हातातली कात्री खाली ठेवली. वीस वर्षं संगीत बारीत, म्हणजे थिएटरात लावणी सादर करणाऱ्या पार्टीत, नाचलेल्या. आणि जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, ताई कुणाला सांगू नका, पोरीला शाळेत चिडवतील.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्या कलेची साडी मी दीडशे रुपये भाड्यानं देते, शाळेत पोरी त्यावर बक्षीस मिळवतात, आईबाप व्हिडिओ काढतात, आणि जिनं आयुष्य घातलं तिनं लपवायचं? लावणी घ्यायची आणि लावणीवालीला वाऱ्यावर सोडायचं, हे बरोबर नाही. आमच्या संस्थेचा उद्देश कुणी विचारला तर तो एवढाच आहे, बाकी कागदावर लिहिलेलं सगळं त्यातूनच आलेलं.

महिनाभर मागे लागून त्यांना तयार केलं. आता गावभर त्यांना मावशीच म्हणतात. पहिला वर्ग दुकानातच, शटर अर्धं ओढून, पाच मुली, कपड्यांचे गठ्ठे भिंतीला सरकवून. मुली वाढल्या तशी जागा कमी पडायला लागली म्हणून एका हॉलवाल्यांशी बोलणं केलं, ॲडव्हान्सही दिला, आणि दोन आठवड्यांनी निरोप आला की भरतनाट्यम असेल तर चालेल, लावणी नको, चांगल्या घरच्या बायका येतात इथं. पैसे परत दिले त्यांनी, तो प्रश्न नाही. पण मावशी तिथंच उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि हे वाईत. ज्या गावात यमुनाबाई वाईकर राहत होत्या! डोंबारी समाजात १९१५ साली जन्मलेल्या, बैठकीच्या लावणीत ज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या. बसल्या जागी एकाच ओळीवर वेगवेगळ्या अदा करायच्या, तोंडानं ओळ तीच आणि अर्थ दर वेळी दुसरा. २०१२ ला त्यांना पद्मश्री मिळाली आणि मला तरी वाटतं की त्यानंतर गावातली भाषा थोडी बदलली, निदान आमच्याकडे पोरी पाठवताना आया मान खाली घालायच्या बंद झाल्या. २०१८ च्या मे महिन्यात त्या गेल्या तेव्हा वय १०२ होतं. त्या दिवशी वर्ग ठेवला नाही, मावशींनी घुंगरांचे चाळ बाहेर काढून पुसून ठेवले फक्त.

हॉल नाही मिळाला म्हणून मग दुकानावरच पत्र्याची शेड घातली. खाली शहाबादी फरशी होती, त्यावर टाच आपटली की कळ थेट गुडघ्यात जायची, दोन मुलींचे पाय सुजले. शेवटी एका मंडपवाल्याकडून जुन्या स्टेजच्या फळ्या घेतल्या, खाली लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांखाली जुन्या टायरचे तुकडे, म्हणजे फळी जरा दबते. आमच्या ह्यांनी आणि ढोलकीवाल्या काकांनी मिळून आठ दिवसांत ठोकलं ते. ढोलकी पावसाळ्यात उतरते, कातडं सैल पडतं, म्हणून काका तिला दिव्याजवळ ठेवतात, तेव्हा खास त्या कोपऱ्यात एक जादा पॉइंट काढून दिलाय.

संस्था रजिस्टर केली २०१३ मध्ये. सोसायटी नोंदणी १८६० च्या कायद्याखाली आणि ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे १९५० च्या कायद्याखाली, किमान सात सभासद लागतात. आमच्या सातात तीन जणी स्वतः बारीत नाचलेल्या आहेत आणि अध्यक्ष मावशी आहेत, हा माझा हट्ट होता. सीए म्हणाले होते की दुकानातच दाखवा, सोपं पडेल. पण दुकानात दाखवलं की उद्या नफा माझा, आणि मला तेच नको होतं. ट्रस्टमध्ये शिल्लक कुणाला घरी नेता येत नाही, करसवलत हवी तर साधारण मिळकतीतला ८५ टक्के भाग उद्देशावर खर्च करावा लागतो, दरवर्षी ऑडिट होतं. कागदांचा त्रास आहे, नाही म्हणत नाही, पण मावशींचं मानधन चेकनं जातं आणि पासबुकात त्यांचं नाव छापून येतं, त्यासाठी तो त्रास मी आनंदानं घेते.

फी म्हणजे दाराशी डबा. ज्याला जे जमेल ते, कुणी किती टाकले ते आम्ही बघत नाही. धुणीभांडी करणाऱ्या ताई येतात, बँकेतल्या मॅडम येतात, कॉलेजची दोन मुलं येतात आणि ती सुंदर नाचतात, त्यांना कुणी हसलं तर मावशी वर्ग थांबवतात. जात तर विचारायचीच नाही. अहो ही कलाच सगळ्यांनी मिळून मोठी केलेली, लावण्या लिहिणारे शाहीरच बघा, होनाजी गवळी, राम जोशी ब्राह्मण, सगनभाऊ मुसलमान शिकलगार, परशराम शिंपी. परशराम शिंपी होते हे कळलं त्या दिवशी मला किती बरं वाटलं काय सांगू, मशीनवर बसून लावणीची काळजी करणारी मी पहिली नाही. आणि पठ्ठे बापूराव, रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, तमाशासाठी कुलकर्णीपण सोडून आले.

वार्षिक कार्यक्रमात दौलतजादा नाही, हा एक नियम पक्का. स्टेजवर नोट उडवायची नाही, वर जाऊन हातात द्यायची नाही. मावशी म्हणतात, वीस वर्षं वाकून नोटा उचलल्या, आता माझ्या पोरी वाकणार नाहीत. द्यायचं असेल तर डब्यात टाका. सुरुवातीला दोन-चार जण चिडले, उठून गेले, चालतं. आणि निवेदनात नाव आधी शिकवणारीचं, मग नाचणारीचं.

२०२० सगळ्यात वाईट. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, नेमका यात्रा-जत्रांचा हंगाम, तमाशाच्या फडवाल्यांची वर्षाची कमाई चैत्र-वैशाखात असते, ती गेली. आमचंही भाडं शून्य. अस्तराच्या कापडाचे मास्क शिवले, त्या पैशातून ओळखीच्या अकरा कलावंतांच्या घरी किराणा पोचवला. साड्यांच्या ट्रंका सहा महिने उघडल्या नाहीत, उघडल्या तर दोन पैठण्यांना कसर लागलेली. फळ्यांवर मात्र रोज झाडू मारायच्या मावशी, एकट्या येऊन.

सध्या दोन बॅच आहेत, शाळेच्या मुलांची शनिवारी संध्याकाळी आणि बायकांची रविवारी सकाळी. नवीन येणाऱ्यांना आम्ही पन्नास घुंगरांची जोडी देतो, जास्तीची नाही, कारण आधी पाय खणखणीत पडायला हवा, मग आवाज. चाळ बांधायच्या आधी दोन महिने नुसतं बसून ओळ ऐकायची आणि डोळ्यांनी सांगायची. काहींना कंटाळा येतो, ते स्टेप्स शिकवा म्हणतात. मावशींची ती मुलगी, जिचा युनिफॉर्म सैल केला होता, आता नर्सिंग करून कामाला लागलीय, आणि रविवारी सुट्टी मिळाली की बायकांच्या बॅचला पेटी वाजवते. मागच्या कार्यक्रमात निवेदनही तिनंच केलं. पहिलं नाव आईचं घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट.

येताना जुनी नऊवारी असेल तर आणा. नसेल तर खाली दुकानात मागा, वर्गासाठी भाडं नाही.