हे उभं कुठं करायचं?

गेली ११ वर्षे मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात इंटिरियर डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे कारागिराने ज्यावरून वस्तू करायची ते मापांसहितचे ड्रॉइंग, हा विषय शिकवते आणि त्याच्या जोडीने माझे स्वतःचे छोटे ऑफिसही चालवते. एकाच वाड्यात राहूनही एकमेकांकडे जाणे-येणे नसलेल्या दोन बिऱ्हाडांसारखी ही दोन कामे मी इतकी वर्षे सांभाळली, हे माझ्या लक्षात आले ते एका कपाटामुळे. आणि ते लक्षात आणून दिले ते आमच्या मिस्त्रींनी, तेही माझ्या १२ विद्यार्थ्यांच्या देखत.

कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे काम तेव्हा माझ्याकडे होते. घरमालकांची संमती घेऊन मी त्यातल्या एका बेडरूमची खरी मापे वर्गाला दिली, त्या खोलीसाठी कपाटाचे ड्रॉइंग करायला सांगितले आणि सर्वांत चांगले ठरेल ते कपाट प्रत्यक्ष करून घेईन, असे आश्वासनही दिले. आलेल्या ३२ शीटांपैकी कोल्हापूरहून शिकायला आलेल्या एका मुलीचे शीट उजवे होते, याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. प्लॅन, एलेव्हेशन (समोरून दिसणारे रूप), दोन सेक्शन (आतले दाखवणारे छेद), बिजागरीचे मोठ्या मापातले डिटेल, सगळे जागच्या जागी होते. खोलीत फॉल्स सीलिंग आधीच झालेले असल्याने फरशीपासून छतापर्यंत २४९० मिमी उंची मिळत होती. तिने कपाट २४४० मिमी उंच आणि ६१० मिमी खोल धरले होते आणि वरची ५० मिमीची फट झाकायला पट्टी दाखवली होती. प्लायचे शीट २४४० बाय १२२० मिमीचे येते, तेव्हा एका शीटमधून बरोबर दोन साइड, म्हणजे कपाटाच्या बाजूच्या उभ्या फळ्या, निघतील आणि चिंधीही वाया जाणार नाही, अशी टीपही तिने कोपऱ्यात लिहिली होती. मी तिला ५० पैकी ४६ गुण दिले. उरलेले ४ कापले ते एका सेक्शनमध्ये रेषांच्या जाडीत फरक नीट दिसत नव्हता म्हणून.

मुलांना साइटवर न्यायची परवानगी मिळवण्यात तीन आठवडे गेले, त्याविषयी फार लिहीत नाही. आमच्याकडे वर्षातून एकदा ‘इंडस्ट्री व्हिजिट’ होते: बसने मॉड्युलर किचनच्या कारखान्यात जायचे, काचेच्या पलीकडची यंत्रे बघायची, माहितीपत्रके घ्यायची, सामोसे खायचे आणि कंपनीच्या पाटीसमोर फोटो काढून परतायचे. अहवालात त्याला उद्योगाशी संपर्क म्हणतात. त्यामुळे एका बेडरूमच्या कपाटापायी अख्खा दिवस कशाला घालवायचा, असे मला विचारण्यात आले आणि त्या वेळी माझ्यापाशीही त्याचे नेमके उत्तर नव्हते.

मिस्त्री मूळचे भोर तालुक्यातले. वडील गावात बलुत्यावर सुतारकी करत, नांगर आणि कुळव भरून देत. हे स्वतः पुण्यात येऊन फर्निचरच्या कामात शिरले, त्यालाही आता ३० वर्षे होतील. मिलिमीटर त्यांना कळतात, पण ते विचार करतात तो फूट, इंच आणि सुतात. एका इंचाची आठ सुते, म्हणजे सूत साधारण ३ मिमीचे, हे वर्गातल्या कोणालाच ठाऊक नव्हते आणि मीही कधी सांगितले नव्हते, कारण अभ्यासक्रमात ते नाही.

आम्ही पोचलो तेव्हा भवानी पेठेतून प्लाय आला होता आणि खाली पार्किंगमध्ये टेम्पोला टेकवून ठेवला होता. पहिला धडा तिथेच झाला. शीट ८ फुटी आणि लिफ्टची केबिन त्याहून ठेंगणी, त्यामुळे प्रत्येक शीट जिन्याने वर जाणार आणि हमाली मजल्यामागे मोजली जाणार. दोन मुलांनी हौसेने एक शीट उचलले. १८ मिमीच्या शीटचे वजन ३५ किलोच्या आसपास असते. ते दोघांना जड नव्हते, पण दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा आणि वरच्या पायऱ्यांची खालची बाजू यांच्यामध्ये शीट असे काही अडकले, की हमालांनी खालून ‘आधी तिरपं घ्या, मग मागं या’ असे ओरडून सांगेपर्यंत दोघांनाही पुढे-मागे होता येईना.

वर गेल्यावर मिस्त्रींनी प्लायच्या थप्पीवर त्या मुलीचे ड्रॉइंगचे शीट पसरले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी तिला जवळ बोलावले.

“साइड ६१०ची धरलीस. शीट १२२०चं. मग पात्याची जाडी कोण खाणार?”

तिला प्रश्न कळला नाही. मिस्त्रींनी कटरचे पाते तिच्या तळहातावर ठेवले. कापताना जवळजवळ एक सूत भुसा होऊन उडते, त्यामुळे एका शीटमधून ६१०च्या दोन पट्ट्या कधीच निघत नाहीत. निघतात त्या ६०८च्या. ज्या टीपेचे मला कौतुक वाटले होते, तीच चुकीची होती. दुसरा प्रश्न ड्रॉवरचा. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या टेलिस्कोपिक चॅनलला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडावा लागतो, तो तिने सोडला होता. पण हे ड्रॉवर शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या, आत होते, आणि शटर काटकोनात उघडले तरी त्याची कड बिजागरीपाशी थोडी आत राहते, ड्रॉवर त्या कडेला अडतो, म्हणून त्या बाजूला पॅकिंगची पट्टी मारून ड्रॉवर आत सरकवून घ्यावा लागतो. या दोन्ही चुका साध्या होत्या, जागेवर सुधारण्याजोग्या होत्या आणि मुले त्या उत्साहाने वहीत उतरवून घेत होती. मीही निवांत होते.

मग मिस्त्रींनी एकदा छताकडे पाहिले, एकदा ड्रॉइंगकडे पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, “मॅडम, हे उभं कुठं करायचं?”

मी म्हटले, “म्हणजे काय? या भिंतीला.”

“भिंत कळली हो. पण आडव्याचं उभं कुठं करायचं?”

कपाटाचा खोका फरशीवर आडवा घालून जोडतात, कारण पाठीचा प्लाय मागून ठोकायचा असतो. खोका जागेवर उभ्यानेच जोडला तर काय होईल, असे एका मुलाने विचारले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, “जोड की. पाठ ठोकायला भिंतीच्या आतून येशील का?” सगळे हसले, पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडत होते. खोका आडवा जोडला, की तो एका कडेवर टेकवून उभा करावा लागतो, आणि उभा होताना एका क्षणी त्याचा कर्ण फरशी आणि छत यांच्यामध्ये येतो. तिने फोन काढला. २४४० आणि ६१० या दोन बाजूंचा कर्ण २५१५. खोलीची उंची २४९०. कपाट त्याच्या जागी अगदी व्यवस्थित मावत होते. फक्त त्या जागी पोचायला त्याला एक इंच कमी पडत होता.

पायथागोरसचा हा सिद्धांत वर्गातल्या प्रत्येकाने शाळेत पाठ केलेला होता. मीही केला होता. तरीही ३२ शीटे तपासताना तो मला एकदाही आठवला नाही, कारण मी जे तपासत होते ते पूर्ण झालेले कपाट होते. ड्रॉइंगमध्ये वस्तू असते, तिची मापे असतात, पण तिचे ‘आधी काय आणि मग काय’ नसते. कोणता तुकडा कोणाच्या आधी लागतो, कोणता हात कुठून आत जातो, वस्तू कोणत्या वाटेने तिथवर येते, हा सगळा काळ कागदावरून पुसला गेलेला असतो, आणि तो पुसला गेला आहे हे शिकवणाऱ्याच्याही लक्षात राहत नाही. मी स्वतः इतकी कपाटे करून घेतली होती, मग मला हे कसे दिसले नाही? याचे उत्तर फारसे भूषणावह नाही: माझ्या ऑफिसच्या प्रत्येक ड्रॉइंगमधला हा काळ आजवर मिस्त्रीच भरून काढत आले होते आणि मला त्याचा पत्ताही लागू देत नव्हते.

त्यांनी काढलेला तोडगा साधाच होता. साइड फरशीपर्यंत न नेता १०० मिमीचा बेस वेगळा करायचा, फरशी कमी-जास्त असली तरी तो आधी जागेवर ठेवून पाणसळीने समपातळीत आणायचा, २३४० मिमीचा खोका बाजूला आडवा जोडून उभा करायचा आणि मग उचलून बेसवर ठेवायचा. मुलीने पुन्हा हिशोब केला: नवा कर्ण २४१८, म्हणजे छताखाली ७२ मिमी मोकळे. शिवाय शीटची कड गोदामात आणि टेम्पोत आपटून फुटलेली असते; साइड पूर्ण २४४०ची ठेवली तर ती छाटायला वाव नसतो, २३४०ला तो आपोआप मिळतो. एका बदलात तीन अडचणी सुटल्या, आणि त्यातल्या दोन तर आम्हाला अडचणी म्हणून दिसल्याही नव्हत्या.

दुपारी मिस्त्रींनी मुलांकडून खोलीचा कोपरा तपासून घेतला. एका भिंतीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन्ही खुणांमध्ये टेप धरला की काटकोन असेल तर बरोबर ५ फूट यायला हवेत. आले ५ फूट आणि ३ सूत. ओळंबा सोडला तर भिंत वरून ४ सूत बाहेर झुकलेली निघाली. ज्या खोलीचा प्लॅन मी वर्गाला चार सरळ रेषांत काढून दिला होता, ती खोली प्रत्यक्षात कुठेच नव्हती.

त्याच आठवड्यात मी डिझाइनच्या इतिहासाच्या तासाला बाउहाउस ही जर्मनीतली डिझाइनची शाळा शिकवली होती. १९१९ साली वायमारमध्ये वॉल्टर ग्रोपियस यांनी ही शाळा सुरू केली, तेव्हा तिथल्या प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक आकाराचा आणि एक हस्तकौशल्याचा, हे मी फळ्यावर लिहूनही दाखवले होते. १९२५ मध्ये शाळा डेसाउला गेल्यावर मार्सेल ब्रॉयरसारखे विद्यार्थीच शिक्षक झाले; त्यांना दोन्ही बाजू येत होत्या, म्हणून दोन गुरूंची गरज उरली नाही. परीक्षेला येणारा प्रश्न म्हणून मुलांनी ते लिहून घेतले आणि मी पुढच्या मुद्द्यावर गेले. प्लायच्या थप्पीजवळ उभी असताना मला जाणवले, की माझ्या वर्गाचा दुसरा गुरू गेली ११ वर्षे माझ्याच पगारपत्रकावर आहे आणि मी त्याला एकदाही वर्गात बोलावलेले नाही. बोलावायचे ठरवले असते तरी ते बहुधा झाले नसते, कारण पाहुण्या व्याख्यात्यांच्या मानधनाच्या अर्जात पदवीचा रकाना सक्तीचा आहे.

गुणांचा प्रश्न त्या मुलीनेच संध्याकाळी जिना उतरताना काढला. “मॅडम, माझे मार्क कमी होणार का?” मी तिला म्हटले, की चूक तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटली असेल तर ते गुण कोणाचे कापायचे, हे मला आधी ठरवू दे. गुण मी बदलले नाहीत. मात्र पुढच्या सबमिशनपासून प्रत्येक शीटवर जोडणीचा क्रम आकडे घालून दाखवायचा, अशी अट घातली, आणि पहिल्या खेपेस निम्म्या वर्गाच्या क्रमात पाठ अजूनही कपाट भिंतीला लावल्यानंतर ठोकली जात होती.

दहा दिवसांनी खोका उभा करायचा होता, तेव्हा ती मुलगी कॉलेज बुडवून आली. चौघांनी खोका एका कडेवर घेतला. फरशीला ओरखडा पडू नये म्हणून मिस्त्रींनी त्या कडेखाली पोते दुमडून घातले होते. खोका वर येऊ लागला, वरचा कोपरा छताजवळ आला आणि ती हातात स्टीलची पट्टी घेऊन पुढे सरकली, ७२ मिमी मोजायला.

“आधी हात काढ,” मिस्त्री म्हणाले, “मग मोज.”

कोपरा छताखालून सरकून पलीकडे गेला. तिच्या पट्टीवर ५८ आले होते. ती काही क्षण पट्टीकडे बघत राहिली आणि मग खाली वाकून तिने पोत्याची जाडी मोजली.