मान सोडताना

पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिल या वसाहतीत जाणारे बहुतेक लोक मातृमंदिराचा सोनेरी गोल पाहायला जातात. आम्हीही तो उन्हात घाम पुसत दुरून पाहिला, आणि त्याविषयी मला अधिक काही लिहायचे नाही. लिहायचे आहे ते तिथल्याच, पण समुद्रकाठी असलेल्या क्वाएट हीलिंग सेंटरमधील कोमट पाण्याच्या तलावाविषयी, जिथे मी वात्सू हा उपचार घेतला.

हा प्रकार 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील हार्बिन हॉट स्प्रिंग्ज येथे सुरू झाला. हॅरोल्ड डल हे कवी. जपानमध्ये शिझुतो मासुनागा यांच्याकडे झेन शियात्सू ही अंग दाबण्या-ताणण्याची जपानी पद्धत शिकून आल्यावर त्यांनी त्यातील ताण आणि दाब जमिनीवर झोपलेल्या माणसाऐवजी झऱ्याच्या गरम पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला देऊन पाहिले. या उपचारासाठी पाणी साधारण 35 अंश सेल्सिअसवर, म्हणजे त्वचेच्या तापमानाच्या जवळपास ठेवतात, त्यामुळे ते ना गरम लागते ना गार, आणि थोड्या वेळाने आपले अंग कुठे संपते हेच कळेनासे होते. वज्रेश्वरीच्या कुंडात चटका सोसत बसण्याची सवय असलेल्या मला ते सुरुवातीला अगदीच मिळमिळीत वाटले.

उपचार देणाऱ्या बाईंनी माझ्या पायांना तरंगते पट्टे बांधले, एक हात मानेखाली आणि दुसरा कमरेखाली घेतला, आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. पाण्याने पाय घेतले, कंबर घेतली. मान मात्र मी देईना. लोकलमध्ये उभ्याने डुलकी काढणारी बाईसुद्धा मान सावरूनच झोपते. आयुष्यभराची ही पहारेदारी पाण्यात उतरल्याबरोबर कशी सुटावी? बाईंनी घाई केली नाही आणि ‘रिलॅक्स’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही, याबद्दल मी त्यांची फार आभारी आहे. मी श्वास घेतला की त्या मला किंचित वर येऊ देत, सोडला की किंचित खाली जाऊ देत, आणि हे इतका वेळ चालले की माझी मान त्यांच्या कोपराच्या खळगीत केव्हा टेकली ते मला समजलेच नाही.

त्यानंतर त्यांनी मला मोठ्या वळणांनी पाण्यातून फिरवायला सुरुवात केली, तेव्हा पाठीचा कणा भरतीत हेलकावणाऱ्या शेवाळासारखा मणक्यामणक्यातून हलू लागला. कान पाण्याखाली असल्यामुळे स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हते. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा कितीतरी वर ओढलेला असतो, हे इतक्या वर्षांत मला कधी जाणवले नव्हते. तेथे तो खाली उतरला तेव्हा कळले. पाठोपाठ डोळ्यांतून पाणी आले. ते कशाचे, हे शोधण्याची मला गरज वाटली नाही.

अशा उपचारांभोवती ऊर्जा, गर्भावस्था वगैरे बरेच बोलले जाते, आणि त्या बोलण्याने मी अवघडते. मानेपर्यंतच्या पाण्यात पायांवर शरीराचा जेमतेम दहावा हिस्सा भार उरतो आणि ऊबेने स्नायू सैलावतात, एवढे कारण मला पुरते. तरीही एका अनोळखी बाईने, पैसे घेऊन का असेना, काहीही न विचारता इतका वेळ माझे डोके सांभाळावे, हे त्या कारणात बसत नाही.

तेथे ओबा नावाचा, नाकाला चिमटा लावून पाण्याखालीही नेणारा प्रकार आहे. तो घ्यायला मी धजावले नाही. जाणाऱ्यांनी पोटभर जेवून पाण्यात उतरू नये, आणि शक्य असल्यास मुक्कामही तेथील अतिथीगृहातच करावा. आम्ही पुद्दुचेरीच्या फ्रेंच वस्तीतील हॉटेलाचे पैसे आगाऊ भरून बसलो होतो, त्यामुळे त्या सैल झालेल्या अंगानिशी ईस्ट कोस्ट रोडवरील बसच्या कर्कश भोंग्यांमधून रिक्षाने परतावे लागले, आणि गाव येईपर्यंत डावा खांदा आपल्या जुन्या जागी जाऊन बसला होता.